'ब्लड बाउंड' वाचताना: मर्सी थॉम्पसन मालिकेतल्या दुसऱ्या पुस्तकाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पॅट्रिशिया ब्रिग्ज यांची ही मालिका मी गेली कित्येक वर्षं मैत्रिणींना, भाचरंडांना, ऑफिसातल्या मंडळींना वाचायला देत आले आहे. पहिलं पुस्तक वाचून झालं की दुसऱ्याबद्दल तेच ते प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवते. प्रश्न १ ते ११ मध्ये दुसऱ्या पुस्तकाचं कथानक फोडलेलं नाही. १२ पासून पुढे सगळं उघड आहे. पुस्तक वाचायचं असेल तर तिथे थांबा.

१. ही मालिका नेमकी कशाबद्दल आहे? नुसती लांडग्यांची गोष्ट आहे का?

मर्सिडीज थॉम्पसन ही फोक्सवॅगन गाड्या दुरुस्त करणारी मेकॅनिक आहे. स्वतःचं गॅरेज चालवते, जुन्या ट्रेलरच्या घरात एकटी राहते आणि मनात आलं की कायोटी (लांडग्याच्या कुळातला अमेरिकन प्राणी) होऊ शकते. शेजारी वेअरवुल्फ, म्हणजे लांडग्याचं रूप घेणाऱ्या माणसांच्या कळपाचा म्होरक्या ॲडम हाउप्टमन राहतो. शहरात व्हॅम्पायर आहेत आणि फे नावाचे प्राचीन जीवही आहेत. अशा मायावी प्राण्यांना आजच्या शहरात, पेट्रोलपंप आणि मॉलच्या शेजारी आणून बसवणाऱ्या साहित्याला अर्बन फँटसी म्हणतात.

पहिलं पुस्तक 'मून कॉल्ड' २००६ साली आलं, दुसरं 'ब्लड बाउंड' २००७ च्या जानेवारीअखेर. पहिल्यात भर लांडग्यांवर आहे, दुसऱ्यात व्हॅम्पायरांवर. मला विचाराल तर मालिकेचा खरा पाया दुसऱ्यात पडतो. या जगात कुणी कुणासाठी काहीही फुकट करत नाही. घेतलेली मदत फेडावी लागते आणि ती फेडताना नवं देणं अंगावर येतं. हे सूत्र 'ब्लड बाउंड'च्या पहिल्या प्रसंगातच हाती लागतं.

२. थेट दुसरंच पुस्तक हाती लागलंय. पहिलं न वाचता चालेल का?

गोष्ट कळेल. ब्रिग्ज पात्रांची ओळख पुन्हा करून देतात आणि दुसऱ्या पुस्तकातलं रहस्य त्याच पुस्तकात संपतं. तरीही माझं उत्तर 'नको' असं आहे. मध्यरात्री फोन वाजतो, पलीकडे स्टीफन नावाचा व्हॅम्पायर असतो आणि मर्सी कुरकुरत का होईना उठते. ती का उठते हे पहिलं पुस्तक वाचलेल्यालाच आतून कळतं. तिला त्याचं देणं आहे. ते देणं कसं झालं हे ठाऊक नसेल तर तो फोन नुसता फोन राहतो.

पहिलं मिळतच नसेल तर निदान प्रश्न ३ चं उत्तर वाचून घ्या.

३. पहिलं वाचून दोन वर्षं झाली. दुसऱ्यासाठी काय काय आठवायला हवं?

(यात पहिल्या पुस्तकाचं कथानक येतं.) चार गोष्टी पुरेत.

ॲडमच्या घरावर हल्ला होतो आणि त्याची किशोरवयीन मुलगी जेसी पळवली जाते. तिचा माग काढताना मर्सी स्टीफनची मदत घेते. हेच ते देणं.

मर्सी लहानपणी मोंटानात लांडग्यांमध्ये वाढली. तिला तिथे आसरा देणारा ब्रॅन म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या वेअरवुल्फांचा सर्वोच्च प्रमुख. त्याला मॅरक म्हणतात. ब्रॅनचा मुलगा सॅम्युएल डॉक्टर आहे आणि आता मर्सीच्याच घरात मुक्कामाला आहे.

फे आधीच जगासमोर आलेले आहेत. दुसरं पुस्तक सुरू होतं तेव्हा वेअरवुल्फही नुकतेच उघड झालेत. व्हॅम्पायर मात्र अजून लपून आहेत, आणि तसंच राहण्यासाठी ते कुठल्याही थराला जातील.

चौथी गोष्ट वॉरन. ॲडमच्या कळपातला हा लांडगा समलिंगी आहे आणि काइल नावाच्या घटस्फोटाच्या वकिलाबरोबर राहतो. कळपातल्या बऱ्याच जणांना ते सहन होत नाही. दुसऱ्या पुस्तकात वॉरनच्या वाट्याला जे येतं ते वाचताना माझा जीव सर्वांत जास्त कासावीस झाला.

४. कायोटी म्हणजे आपला कोल्हाच ना?

नाही, पण नात्यातला आहे. कायोटी फक्त अमेरिका खंडात सापडतो. लांडगा, कोल्हा, कुत्रा आणि कायोटी एकाच कुळातले. अंगाने कायोटी आपल्या कोल्ह्याहून जरा थोराड, साधारण १० ते २० किलोंचा. मराठीत 'फॉक्स'लाही सर्रास कोल्हा म्हणतात, खरं तर तो खोकड. त्यामुळे मर्सीला 'कोल्हीण' म्हटलं की वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर लालसर झुपकेदार शेपटीचं चित्र येतं. ते चुकीचं आहे. मी 'कायोटी'च म्हणते.

हा फरक गोष्टीत महत्त्वाचा आहे. या मालिकेतला वेअरवुल्फ खऱ्या लांडग्यापेक्षाही मोठा आणि कित्येक पटींनी ताकदवान असतो. त्यांच्यात मर्सी वावरते ती एखाद्या मध्यम कुत्र्याएवढ्या अंगाने. जोराच्या बळावर ती कुणालाच हरवू शकत नाही. पळता येतं, वास घेता येतो, डोकं चालवता येतं, एवढंच.

५. मग मर्सी आणि वेअरवुल्फ यांच्यात फरक काय? दोघं रूपच बदलतात ना?

वेअरवुल्फ चावल्यामुळे होतो, आणि तो हल्ला फार थोडी माणसं पचवतात. रूप बदलायला त्यांना बरीच मिनिटं लागतात, हाडं मोडून पुन्हा जुळल्यासारख्या वेदना होतात आणि पौर्णिमेला त्यांचा इलाज चालत नाही. मर्सी जन्मतःच अशी आहे. क्षणात बदलते, दुखत नाही, चंद्राशी संबंध नाही. अंगावरचे कपडे मात्र तिथेच राहतात.

तिच्यासारख्यांना पुस्तकात वॉकर म्हणतात. तिचे वडील ब्लॅकफीट जमातीचे, रोडिओत बैल-घोड्यांवर स्वार होणारे. तिच्या जन्माआधीच वारलेले. वॉकर हे नाव नैऋत्य अमेरिकेतल्या दुष्ट मांत्रिकांच्या कथांवरून गोऱ्या लोकांनी चुकून चिकटवलं, आपला त्यांच्याशी काही संबंध नाही, हे मर्सी स्वतः सांगते. ही कबुली मला मोलाची वाटते, कारण मूळ रहिवाशांच्या कथा कादंबरीत सरसकट कालवणारी पुस्तकं कमी नाहीत. एक बारकावा: ब्लॅकफीट लोकांच्या कथांमधला खट्याळ, सृष्टी घडवणारा नायक नापी, म्हणजे 'म्हातारा'. कायोटी नायक असलेल्या कथा कोलंबिया नदीकाठच्या जमातींमध्ये जास्त आहेत, आणि मर्सी राहते ती त्याच नदीकाठी.

वॉकरना आणखी दोन गोष्टी जमतात: भुतं दिसतात आणि व्हॅम्पायरांची मोहिनी त्यांच्यावर पुरती चालत नाही. दुसऱ्या पुस्तकाचं सगळं यंत्र या दोन गोष्टींवर फिरतं (प्रश्न १२ आणि १४ पाहा).

६. ताई, माझं इंग्रजी बेताचं आहे. झेपेल का?

झेपेल. मर्सी स्वतः 'मी'मध्ये गोष्ट सांगते, वाक्यं छोटी आहेत, संवाद भरपूर. सुमारे ३०० पानं. अडखळायला होतं ते दोन ठिकाणी.

एक म्हणजे गॅरेज. रॅबिट, बस, व्हॅनागन ही सगळी फोक्सवॅगनची मॉडेलं. आपण जिला गोल्फ म्हणून ओळखतो तीच अमेरिकेत रॅबिट नावाने विकली जायची. मर्सीच्या अंगणात, ॲडमच्या खिडकीतून थेट दिसेल अशी, एक खिळखिळी रॅबिट उभी असते. ॲडमने हुकूम सोडला की मर्सी पाना घेऊन जाते आणि त्या गाडीचं एखादं चाक काढून ठेवते. ॲडमला टापटीप लागते. तो काही बोलत नाही, खिडकीतून बघत राहतो. त्यांचं नातं काय आहे ते मला त्या गाडीवरूनच कळलं.

दुसरं ठिकाण व्हॅम्पायरांची भाषा. त्यांच्या टोळीला 'सीद' म्हणतात, तिच्या प्रमुख बाईला 'मिस्ट्रेस', आणि ज्यांचं रक्त ते नियमित पितात त्या माणसांना 'मेंढरं'. हे तीन शब्द लक्षात ठेवले की पुढे कोश उघडायची गरज फारशी पडत नाही.

ऐकून समजणं सोपं जात असेल तर ऑडिओबुक घ्या. लॉरलाय किंग यांचं वाचन अगदी स्वच्छ आहे.

७. हे गाव खरं आहे का? वॉशिंग्टनमध्ये इतकं वाळवंट कसं?

गाव खरं आहे आणि हे वॉशिंग्टन राजधानीचं नव्हे. अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यातलं वॉशिंग्टन राज्य. त्याच्या पूर्व भागात केनेविक, पास्को आणि रिचलंड अशी तीन जुळी शहरं आहेत, त्यांना मिळून ट्राय-सिटीज म्हणतात. कोलंबिया नदीला स्नेक आणि याकिमा या नद्या तिथेच मिळतात.

वॉशिंग्टन राज्य म्हटलं की सिॲटलचा पाऊस आठवतो. पण मध्ये कॅस्केड पर्वत आडवा आहे. महाबळेश्वरला धो धो कोसळतो आणि घाट उतरून फलटण-दहिवडीकडे गेलं की आभाळ कोरडं, तसंच. ट्राय-सिटीजला वर्षाला जेमतेम २० सेंटीमीटरच्या आसपास पाऊस पडतो. झुडपं, उघडे डोंगर, वारा, आणि नदीच्या पाण्यावर फुललेली शेती.

शेजारीच हॅनफर्ड आहे. १९४५ मध्ये नागासाकीवर पडलेल्या बॉम्बचं प्लुटोनियम तिथे तयार झालं. ब्रिग्ज स्वतः या भागात राहिलेल्या आहेत आणि ते जाणवतं. नकाशा उघडून वाचा. मर्सी नदी ओलांडून पास्कोला निघाली की तुम्हीही बोटाने पूल ओलांडाल.

८. फे म्हणजे पऱ्या का?

पंखवाल्या, छडीवाल्या पऱ्या डोक्यातून काढून टाका. हे युरोपच्या लोककथांमधले जुने, धोकादायक जीव. आपल्याकडचे यक्ष किंवा पाण्यातल्या आसरा त्यांना जास्त जवळच्या. बहुतेक फेंना लोखंड सोसत नाही. आपल्याकडे बाळंतिणीच्या खोलीत बाळाच्या उशाशी अडकित्ता किंवा सुरी ठेवतात, त्यामागची समजूत याच जातीची. मर्सीचा जुना मालक झी हा मात्र लोखंड हाताळू शकणारा फे आहे. वर्षानुवर्षं गॅरेज चालवणाऱ्या फेला दुसरं काय परवडणार! दुसऱ्या पुस्तकात तो मर्सीला काही वस्तू उसन्या देतो. त्या वस्तू लक्षात ठेवा (प्रश्न १५).

९. मर्सी गळ्यात क्रूस न घालता कोकरू का घालते?

हा प्रश्न विचारणारे वाचक मला फार आवडतात, कारण ही अगदी लहान गोष्ट आहे. या मालिकेत व्हॅम्पायरांवर श्रद्धेचं चिन्ह चालतं. मर्सी श्रद्धाळू ख्रिस्ती आहे, पण ज्यावर येशूला मारलं ती वस्तू गळ्यात मिरवणं तिला सोसत नाही. म्हणून ती कोकरू घालते. मराठी बायबल वाचलेल्यांना योहानाचा 'देवाचा कोकरा' आठवेल. त्याच अर्थाने. आणि ते कोकरू काम करतं, कारण जोर धातूत नाही, तिच्या श्रद्धेत आहे. जी व्हॅम्पायर मंडळी माणसांना मेंढरं म्हणतात त्यांच्यासमोर ही बाई गळ्यात कोकरू घालून उभी राहते. ब्रिग्ज त्यावर भाष्य करत बसत नाहीत, आणि ते बरंच करतात.

१०. मुखपृष्ठ बघून लोकलमध्ये काढायला संकोच वाटतो. आतही तसंच आहे का? माझी मुलगी नववीत आहे, तिला देऊ का?

मुखपृष्ठं डॅनिएल डॉस सँटोस या चित्रकाराची आहेत. चित्रं देखणी आहेत, पण त्यातली मर्सी अंगभर गोंदलेली दिसते. पुस्तकातल्या मर्सीच्या अंगावर एकच गोंदण आहे, पोटावर कायोटीच्या पंजाचा ठसा. बाकी वेळ ती ग्रीस लागलेल्या डगल्यात असते. 'ब्लड बाउंड'मध्ये शृंगार फारसा नाही. वर्तमानपत्राचं कव्हर घाला आणि निश्चिंत वाचा.

नववीतल्या मुलीचं मात्र वेगळं. या पुस्तकातली हिंसा थंड आणि छळाची आहे. एक खून तर वाचकाला अगदी जवळून बघावा लागतो. अकरावी-बारावीच्या आधी मी देणार नाही. आणि कधीही दिलंत तरी प्रश्न १५ आधी तुम्ही वाचा, कारण एक दिलं की मुलं पुढचं स्वतःच मिळवतात.

११. याच जगातली दुसरी मालिका आहे म्हणतात. ती मध्ये कुठे वाचायची?

'अल्फा अँड ओमेगा'. ब्रॅनचा दुसरा मुलगा चार्ल्स आणि ॲना यांची गोष्ट. तिची सुरुवात २००७ मधल्या एका लघुकादंबरीने होते, पहिली कादंबरी 'क्राय वुल्फ' २००८ ची. काळ बघितला तर 'क्राय वुल्फ' 'ब्लड बाउंड'च्या आधी घडते. म्हणून काही जण काळाच्या क्रमाने वाचा असं सांगतात. मी नाही सांगत. मर्सीची पहिली तीन पुस्तकं सलग वाचा, कारण ती एकमेकांच्या देण्याघेण्यात गुंतलेली आहेत. मग चार्ल्स-ॲनाकडे वळा. काही बिघडत नाही.

(इथून पुढे 'ब्लड बाउंड'चं कथानक उघड आहे.)

१२. स्टीफन मर्सीला पट्टा बांधून का नेतो? तिला माणूस म्हणूनच का नेत नाही?

शहरात कोरी लिटलटन नावाचा एक परका व्हॅम्पायर आलाय. डॅनिएल नावाचा तरुण व्हॅम्पायर त्याला भेटायला गेला आणि परतला तेव्हा त्याच्या डोक्यात आपणच माणसं मारल्याची आठवण होती. स्टीफनला संशय येतो की ती आठवण कुणीतरी पेरली आहे. त्याला असा साक्षीदार हवाय ज्याच्यावर मोहिनी चालणार नाही आणि ज्याच्याकडे कुणी माणूस म्हणून पाहणार नाही. म्हणून पट्टा, म्हणून कायोटीचं रूप. लिटलटनला वाटतं स्टीफनने कुत्रं आणलंय.

हॉटेलच्या त्या खोलीत लिटलटन तिथल्या कामवाल्या बाईला मारतो, सावकाश. स्टीफन जागच्या जागी थिजलेला. सगळं बघते ती फक्त मर्सी. बाहेर पडल्यावर स्टीफनच्या मनात पक्कं बसलेलं असतं की खून आपल्या हातून झाला. पुढे व्हॅम्पायरांच्या न्यायसभेत मर्सीला साक्ष द्यावी लागते, तेव्हा त्या पट्ट्याचं मोल कळतं. देणं फेडायला म्हणून गेलेली बाई स्टीफनच्या निर्दोषपणाचा एकमेव पुरावा होऊन परतते.

१३. लिटलटन व्हॅम्पायर आहे की सैतानाने झपाटलेला? गोंधळ होतोय.

दोन्ही. माणूस असतानाच त्याने सैतानाशी सौदा केला होता. पुस्तकात अशा माणसाला सॉर्सरर म्हणतात. मग कुणीतरी त्याला मुद्दाम व्हॅम्पायर केलं. सैतान हिंसेवर पोसला जातो, म्हणून लिटलटन जिथे असेल तिथल्या साध्यासुध्या माणसांचीही डोकी भडकतात. शहरात भांडणं, मारामाऱ्या वाढतात. पहिल्या वाचनात या बातम्या नुसत्या पार्श्वभूमीसारख्या वाटतात, दुसऱ्यांदा वाचताना कळतं की तो मागच आहे.

ॲडम आणि सॅम्युएलसारखे बलवान लांडगे त्याच्या हाती लागतात याचंही कारण हेच. लांडग्याला स्वतःचा राग आवरावा लागतो आणि लिटलटन नेमका तोच सोडवतो. जिच्या अंगात त्यांच्या ताकदीचा दहावा हिस्साही नाही ती मर्सी म्हणून टिकते.

१४. शेवटी मर्सी आंद्रेला मारते. तो तर तेव्हा हल्लाही करत नव्हता. हा खून नाही का?

खूनच आहे. सर्वांत जास्त वाद याच प्रश्नावर होतो, आणि वाचणाऱ्याने तो घालावा असंच ते प्रकरण लिहिलंय.

लिटलटनला मर्सी मारते तो जीव वाचवण्यासाठी. तिथे कुणाचंच दुमत नाही. मग कळतं की त्याला घडवणारा शहरातल्याच सीदमधला व्हॅम्पायर आंद्रे होता. मिस्ट्रेस मार्सिलियाला हे समजतं, तरी ती त्याला मोकळा सोडते, कारण असा प्राणी घडवू शकणारा माणूस तिच्या उपयोगाचा आहे. याचा अर्थ पुन्हा एक लिटलटन, पुन्हा एक हॉटेल. पोलिसांकडे जाता येत नाही, कारण व्हॅम्पायर आहेत हेच त्यांना माहीत नाही. लांडगे उतरले तर उघड युद्ध. मर्सीला मात्र भुतं दिसतात, आणि व्हॅम्पायर जिथे दिवसा झोपतो तिथे त्याने मारलेल्यांची भुतं असतात. म्हणून त्याची जागा तिला सापडते. वॉकर लोकांना व्हॅम्पायरांनी एकेकाळी वेचून का मारलं ते इथे कळतं.

माझं मत असं: तिने केलं ते गरजेचं होतं आणि तरी ते तिला स्वच्छ ठेवत नाही. ब्रिग्ज तिला विजयाचा आनंद देत नाहीत. नावाचा अर्थही मला इथेच लागला. 'रक्ताचं नातं' असा अनुवाद मनात येतो, पण मराठीत ते भावाबहिणीचं नातं झालं. इथे सांडलेल्या रक्ताने बांधलं जाणं आहे. या खुनाचा हिशेब चौथ्या पुस्तकात, 'बोन क्रॉस्ड'मध्ये, मार्सिलिया मागते.

१५. दुसरं रात्रीत संपवलं. तिसरं लगेच घेऊ ना?

गोष्टीच्या दृष्टीने हो. झीने व्हॅम्पायरच्या शिकारीसाठी ज्या वस्तू उसन्या दिल्या त्यांचं देणं फेडायला मर्सी निघते, आणि तिथूनच तिसरं पुस्तक 'आयर्न किस्ड' सुरू होतं. ॲडम की सॅम्युएल हा दुसऱ्यात लोंबकळत ठेवलेला प्रश्नही तिथे सुटतो.

पण त्या पुस्तकाच्या शेवटाकडे मर्सीवर बलात्कार होतो. ते सवंगपणे लिहिलेलं नाही, आणि त्यानंतरचं तिचं सावरणं पुढच्या पुस्तकांत प्रामाणिकपणे येतं. तरी ते अचानक समोर येऊ नये. मी एका मामेबहिणीला काही न सांगता तिन्ही पुस्तकं एकदम दिली होती. तिने तिसरं शेवटच्या पन्नास पानांवर मिटलं आणि आठवडाभर माझा फोन घेतला नाही. चूक माझी होती. तेव्हापासून मी 'ब्लड बाउंड' परत घेताना समोरच्याला बसवते, हे सांगते आणि मगच पुढचं हातात देते. ज्यांना नको वाटतं त्यांना तेवढा भाग मी तोंडी सांगते, आणि त्या थेट 'बोन क्रॉस्ड' उचलतात.